पाळीव प्राण्यांसाठी सूचिवेध : पूरक चिकित्सा आणि आपली मर्यादा

आयुर्वेद हे केवळ मनुष्याच्या आयुष्याचे शास्त्र नव्हे. गजायुर्वेद, अश्वायुर्वेद, गवायुर्वेद आणि वृक्षायुर्वेद अशा त्याच्या शाखा होत्या, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षी शिकतो आणि बहुधा तेथेच विसरतो. अलीकडे मात्र हा विषय वेगळ्याच वाटेने आपल्या दारात येऊ लागला आहे. ॲक्युपंक्चरने, म्हणजेच सूचिवेधाने, कुत्र्या-मांजरांवर उपचार होतात अशा वार्ता आणि चित्रफिती भ्रमणध्वनीवरून खेड्यापाड्यांत पोहोचल्या आहेत. परिणामी विद्धकर्म आणि अग्निकर्म करणाऱ्या वैद्याकडे पशुपालक साहजिकच विचारणा करतात, "डॉक्टरसाहेब, माणसाची कंबर सुईने मोकळी करता, मग आमच्या कुत्र्याची का नाही?"

किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसरात आम्ही चिकित्साव्यवसाय करतो. पैनगंगा आणि सहस्रकुंडाच्या धबधब्याचा हा वनप्रदेश, तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. येथे कुत्रा हा दिवाणखान्याच्या शोभेचा प्राणी नसून शेताचा आणि शेळ्यांचा राखणदार आहे. रानडुकराशी झालेली झुंज, दुचाकीची धडक किंवा वार्धक्य यांमुळे मागचे पाय ओढत चालणारी कुत्री आमच्या पाहण्यात वारंवार येतात. नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत आता लॅब्राडोर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड हेही घरोघरी दिसू लागले आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सांधेविकारही आले आहेत. तेव्हा वरील प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही अभ्यासपूर्वक दिले पाहिजे.

प्रस्तुत लेखात तीन मुद्द्यांचा विचार करावयाचा आहे. पशूंमधील सूचिवेधास काय आधार आहे? आपले विद्धकर्म व मर्मज्ञान यांचा त्याच्याशी काय संबंध आहे? आणि विचारणा झाल्यास आयुर्वेदीय वैद्याने नेमके काय करावे?

आपली पशुचिकित्सा-परंपरा

सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा, पुढे जयदत्ताचे अश्ववैद्यक, नकुलाच्या नावे प्रसिद्ध असलेली अश्वचिकित्सा आणि हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हे ग्रंथ सर्वश्रुत आहेत. यांपैकी हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ साली मुद्रित केला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय. अंगदेशाचा राजा रोमपाद आणि पालकाप्य मुनी यांच्या संवादरूपाने रचलेल्या या ग्रंथात महारोगस्थान, क्षुद्ररोगस्थान, शल्यस्थान आणि उत्तरस्थान अशी चार स्थाने आहेत.

या ग्रंथांकडून घेण्यासारखा पहिला बोध त्यांच्या औषधयोगांत नाही, त्यांच्या रचनेत आहे. दोष, धातू, मल हा सिद्धांत मनुष्य आणि हत्ती यांना समान मानूनही पालकाप्याने हत्तीचे शरीर, हत्तीचे रोग, हत्तीची मात्रा आणि हत्तीवरील शस्त्रकर्म यांचा स्वतंत्र विचार केला. मनुष्याची संहिता हत्तीवर बेतली नाही. सिद्धांत एक असला तरी शरीर वेगळे आणि शरीर वेगळे म्हणून कर्म वेगळे, ही शिस्त आपल्या पूर्वसूरींनी पाळली होती. सूचिवेधाचा विचार करताना हीच शिस्त आपल्याला उपयोगी पडणार आहे.

सूचिवेधाचा उगम व भारतातील आगमन

चीनमध्ये पशूंवर सूचिवेध करण्याची परंपरा जुनी आहे. परंतु ती मुख्यतः घोडा, बैल, रेडा, उंट, डुक्कर अशा उपयुक्त पशूंची आहे. घोड्यांच्या चिकित्सेवरील तेथील प्रसिद्ध ग्रंथ १६०८ साली यू आडनावाच्या दोन बंधूंनी रचला. त्या परंपरेत कुत्रा आणि मांजर यांना फारसे स्थान नव्हते. आज या दोन प्राण्यांवर जे बिंदू वापरले जातात, त्यांतील बहुतेक विसाव्या शतकात मनुष्यशरीरावरील बिंदूंच्या आधारे त्यांच्या शरीरावर कल्पिलेले आहेत. १९७४ साली अमेरिकेत पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय ॲक्युपंक्चर संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून ही पद्धत पाश्चात्त्य देशांतील पशुरुग्णालयांत पूरक उपचार म्हणून पसरू लागली.

भारतात सूचिवेध आणण्याचे श्रेय डॉ. बिजयकुमार बसू यांना दिले जाते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. त्याच पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोन महाराष्ट्रीय होते. डॉ. कोटणीस यांचे १९४२ मध्ये चीनमध्येच निधन झाले, डॉ. बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ही विद्या शिकून ती कलकत्त्यास आणली. महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या अधिनियमाद्वारे ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तथापि हा सर्व प्रवास मनुष्यचिकित्सेचा आहे, हे ध्यानी ठेवावे.

मर्म आणि सूचिवेधबिंदू एक नव्हेत

आपल्या वर्तुळात एक समजूत फार लोकप्रिय आहे. ती अशी की, सूचिवेधाचे बिंदू म्हणजे आपलीच मर्मे होत आणि म्हणून मर्मज्ञ वैद्यास हे शास्त्र आपोआप अवगत आहे. ऐकावयास ही गोष्ट सुखद वाटते. सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडले की मात्र ती टिकत नाही.

सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली आणि विद्ध झाल्यास काय अनर्थ ओढवतो यावरून त्यांचे पाच प्रकार केले : सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. म्हणजे मर्म हे जपण्याचे स्थान आहे. शस्त्रकर्म करताना ते टाळावे, असा स्पष्ट आदेश आहे. सूचिवेधाचा बिंदू हा त्याच्या उलट, मुद्दाम टोचण्यासाठी निवडलेला असतो. उदाहरणार्थ, पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस, नितंबाजवळ असलेले कुकुंदर मर्म पाहावे. त्यास आघात झाल्यास अधःकायाची संवेदना व चेष्टा नष्ट होते, असे सुश्रुत सांगतो. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याच्या कमरेत 'मर्म म्हणून' सुई घालू पाहणाऱ्याने हे वर्णन पुन्हा एकदा वाचावे.

सिरावेधाचीही तीच गोष्ट. सातशे सिरांपैकी ९८ सिरा अवेध्य आहेत असे सांगून कोठे यवमात्र, कोठे अर्धयव, कोठे व्रीहिमुखाने, कोठे कुठारिकेने वेध करावा, इतक्या बारकाईने खोली व साधन ठरवून दिले आहे. ही गणना आणि ही खोली मनुष्यदेहाची आहे. तीच मापे आठ किलो वजनाच्या कुत्र्यास किंवा तीन किलोच्या मांजरास लावणे हे शास्त्राचे पालन म्हणता येणार नाही.

विद्धकर्म आणि सूचिवेध यांत साम्य आहे, ते उपकरणात आणि काही अंशी वेदनाशमनाच्या परिणामात. आधुनिक संशोधनानुसार सुईच्या उत्तेजनाने त्वचा-मांसातील चेतातंतू जागृत होतात, मेंदू व मज्जारज्जूत वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. २०१० साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात सुईच्या जागी ॲडेनोसिन हे द्रव्य वाढून वेदना कमी होते असे दिसले. हे साम्य अभ्यासास योग्य आहे. परंतु साम्य म्हणजे अधिकार नव्हे.

शरीररचनेतील भेद

हा भेद किती व्यवहारी आहे, हे काही आकड्यांवरून स्पष्ट होईल. मनुष्याच्या पाठीत वक्षकशेरुका १२, कटिकशेरुका ५ आणि त्रिकास्थीच्या ५ असतात. कुत्र्यात हेच प्रमाण १३, ७ आणि ३ असे आहे. बैलात १३, ६ आणि ५. मनुष्याच्या पाठीवरील बिंदू कशेरुका मोजून ठरविले जातात. मग तेरावी बरगडी आणि सहावी-सातवी कटिकशेरुका असलेल्या प्राण्यात तो बिंदू कोठे धरावा? यावर त्या शास्त्रातील जाणकारांतही मतभेद आहेत.

मज्जारज्जूची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रौढ मनुष्यात मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिकशेरुकेपाशी संपतो. कुत्र्यात तो सहाव्या कटिकशेरुकेच्या आसपासपर्यंत जातो, मांजरात त्याहूनही खाली. मनुष्याच्या कमरेत ज्या पातळीला मध्यरेषेवरील सुई मज्जारज्जूपासून दूर राहते, त्याच पातळीला कुत्र्यात मज्जारज्जू असतो. लहान जातीच्या कुत्र्यांत आणि मांजरांत छातीची भिंत इतकी पातळ असते की जरा खोल गेलेली सुई फुप्फुसावरणास भेदू शकते.

नावांवर विसंबून राहणेही धोक्याचे आहे. 'बाइ-हुइ' नावाचा बिंदू मनुष्यात मस्तकाच्या शिखरावर, म्हणजे आपल्या अधिपती मर्माच्या प्रदेशात आहे. पशूंच्या चिकित्सेत याच नावाचा बिंदू शेवटची कटिकशेरुका आणि त्रिकास्थी यांच्यामधील खळगीत आहे. नाव एक, स्थान दुसरेच! घोड्याला तर पित्ताशयच नसते, तरी त्याच्या शरीरावर पित्ताशयाची वाहिनी दाखविली जाते. मनुष्यशरीराचा नकाशा पशूवर पसरविताना काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

उपयोग कोठे आणि पुरावा किती

तर मग पशूंमधील सूचिवेध निरर्थक आहे काय? तसे म्हणणेही योग्य होणार नाही. ज्या विकारांत प्रशिक्षित पशुवैद्य त्याचा पूरक म्हणून उपयोग करतात, ते मुख्यतः असे : वृद्ध प्राण्यांतील संधिगतवातसदृश सांधेझीज, मोठ्या जातींतील खुब्याचा सदोष सांधा, आणि डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्यांमधील चकती सरकून होणारा कटिशूल व पंगुत्व. बारीक, निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या सुया दहा ते वीस मिनिटे ठेवतात. कधी त्यांतून मंद विद्युत्प्रवाह सोडतात. आठवड्यास एक-दोन वेळा असे काही सत्रांनंतर फलनिश्चिती करतात. वेदनाशामक औषधे, वजन घटविणे, बंदिस्त विश्रांती आणि व्यायाम हे मुख्य उपचार त्यासोबत चालूच असतात.

पुराव्याबाबत चार गोष्टी नोंदविण्याजोग्या आहेत. २००६ साली पशूंवरील उपलब्ध प्रयोगांचा पद्धतशीर आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, सूचिवेधाची शिफारस करण्यास वा तो नाकारण्यास पुरेसा सबळ पुरावा नाही. २००७ साली चकतीविकार झालेल्या ५० कुत्र्यांच्या अभ्यासात, औषधांना विद्युत्-सूचिवेधाची जोड दिलेली मध्यम तीव्रतेची कुत्री सरासरी सुमारे १० दिवसांत चालू लागली; केवळ औषधे दिलेल्यांना सुमारे २१ दिवस लागले. २०१० साली ब्राझीलमधील पशुवैद्यांनी दीर्घकाळ तीव्र पंगुत्व असलेल्या ४० कुत्र्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्युत्-सूचिवेध केलेल्या १९ पैकी १५, केवळ शस्त्रक्रिया केलेल्या १० पैकी ४ आणि दोन्ही केलेल्या ११ पैकी ८ कुत्र्यांत यश दिसले. आकडे आशादायक आहेत. परंतु गट लहान आहेत आणि रुग्णांची विभागणी यदृच्छया केलेली नव्हती, म्हणून त्यांवर इमला चढवू नये.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांनाच अंतर्मुख करणारी आहे. "जनावराला काय कळते? त्याला बरे वाटले म्हणजे उपचार खराच," असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सांधेझीज झालेल्या व केवळ निष्क्रिय गोळी दिलेल्या ५८ कुत्र्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कुत्रा पायावर किती भार देतो हे यंत्राने मोजले आणि त्याची तुलना मालक व पशुवैद्य यांच्या मतांशी केली. दहापैकी सुमारे चार वेळा यंत्राला दिसली नाही अशी सुधारणा मालकाला दिसली. पशुवैद्यांचेही प्रमाण त्याहून कमी नव्हते. प्राण्याच्या मनात आशा नसेल, पण त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ती असते.

जेथे सुई घातक ठरेल

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पशूच्या शरीरावर सुई कोठे टोचावी हे समजणे दुय्यम आहे. त्याआधी हा प्राणी कोणत्या रोगाने आजारी आहे, हे समजले पाहिजे. पशूच्या निदानाचे शिक्षण आपल्याला मिळालेले नाही आणि पुढील चार प्रसंगी ती उणीव जिवावर बेतू शकते.

एक : अलर्कविष. पिसाळलेला कुत्रा म्हटले की धावून चावणारा कुत्रा डोळ्यांपुढे येतो. परंतु रेबीजचा दुसरा, मूक प्रकारही असतो. त्यात कुत्रा शांत, मलूल असतो, मागचे पाय लुळे पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन करताना शेपटी, हनुवटी व खांदे गळालेले आणि लाळ अतिशय गळणारी, असेच चित्र रेखाटले आहे. 'कमरेतून गेलेला' म्हणून दारात आणलेला कुत्रा हा असा रुग्ण असू शकतो. त्याचे तोंड धरून ठेवणारा मालक, शेजारी उभे असलेले मूल आणि सुई टोचणारा वैद्य हे तिघेही त्या लाळेच्या संपर्कात येतात. लक्षणे प्रकट झाल्यावर या रोगातून मनुष्य वाचत नाही, हे सुश्रुतानेही जलत्रासाच्या संदर्भात सांगून ठेवले आहे. घशात काही अडकले असेल म्हणून अशा प्राण्याच्या तोंडात हात घालणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे.

दोन : गोचीडजन्य ज्वर. आपल्याकडे कुत्र्यांत गोचिडांमुळे होणारा ताप सामान्य आहे. त्यात सांधे दुखतात, कुत्रा लंगडतो; वरवर पाहता वातविकार वाटतो. प्रत्यक्षात रक्तातील प्लेटलेट घटलेले असतात आणि सुईच्या जागी रक्तस्राव थांबत नाही. रक्तपरीक्षेविना याचा निर्णय होत नाही.

तीन : कालातिपात. चकती सरकून मज्जारज्जू दाबला गेला आणि बोटाच्या हाडावर चिमट्याने दाबूनही कुत्र्याला वेदना कळेनाशी झाली, तर शस्त्रक्रियेसाठी मिळणारा अवधी फार थोडा, तासांत मोजण्याइतका असतो. मोडलेला मणका, फुटलेले मूत्राशय हेही अपघातानंतर बाहेरून दिसत नाही. अशा वेळी 'सात बैठका करून पाहू' असे म्हणणे म्हणजे त्या प्राण्याची उरलेली संधी खर्चून टाकणे होय.

चार : अनुपानाचे अपाय. सुई नाकारली तरी 'थोडे औषध तरी द्या' असा आग्रह होतो. येथे आपली सवय घात करू शकते. वातविकारात आपण निःशंकपणे वापरतो तो लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तकणांचा नाश करतो. मांजर त्यास अधिक संवेदनशील आहे. द्राक्षे व मनुका कुत्र्याच्या वृक्कास घातक ठरू शकतात, म्हणून द्राक्षासव किंवा मनुकांचे कल्प कुत्र्यास देऊ नयेत. घरातील पॅरासिटॅमॉलची गोळी मांजरास प्राणघातक आहे. मनुष्याची मात्रा वजनाच्या प्रमाणात घटविली की पशूची मात्रा होते, हा समज सोडून द्यावा.

बैल आणि डागणी

कुत्र्याबरोबरच बैलाचा विचार केल्याविना मराठवाड्यातील लेख पुरा होणार नाही. कंधारचा लाल कंधारी आणि लातूरकडील देवणी ही आपल्या भागाची भूषणे. बैल लंगडला, खांदा सुजला की लोखंड तापवून डाग देण्याची प्रथा आजही आढळते आणि तिच्या समर्थनार्थ काही जण आपल्या अग्निकर्माचे नाव घेतात. सुश्रुताने अग्निकर्म सांगितले ते स्थान, काल, आकृती, दग्धलक्षण आणि पश्चात्कर्म यांसह; बालक, वृद्ध, भीरू, अंतर्गत रक्तस्राव असलेला यांना ते निषिद्ध ठरविले. फऱ्या किंवा घटसर्पासारख्या संसर्गाने सुजलेल्या जनावरास लाल सळईने डागणे हे अग्निकर्म होऊ शकत नाही. त्याने वेदना वाढते, जखम चिघळते आणि प्रतिजैविक देण्याची वेळ निघून जाते. आयुर्वेदाच्या नावाने होणाऱ्या या प्रकारास आपण मौनाने संमती देऊ नये.

कायद्याची चौकट

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशूंवर वैद्यकीय उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यास आहे. किरकोळ सेवा देण्याची मुभा पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांना राज्य शासनाच्या आदेशाने आणि पशुवैद्याच्या देखरेखीखाली मिळू शकते. आपली नोंदणी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खालील आहे आणि ती मनुष्यचिकित्सेची आहे. ज्या वैद्यांनी ॲक्युपंक्चरची स्वतंत्र नोंदणी केली आहे, त्यांनाही त्यामुळे पशूंवर उपचार करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. बोगस डॉक्टरांविरुद्ध आपण जो आग्रह धरतो, तोच दुसऱ्या शास्त्राच्या सीमेवर उभे असताना स्वतःस लावणे, हे न्यायाचे होईल.

मग वैद्याने काय करावे?

आमच्यासारख्या दुर्गम भागात पशुवैद्य हाकेच्या अंतरावर नसतो, ही वस्तुस्थिती आहे. "ते दूर आहेत, तुम्ही जवळ आहात" हा पशुपालकाचा युक्तिवाद मनाला भिडतो. परंतु जवळ असणे आणि समर्थ असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. जवळ असलेल्या वैद्यास करता येण्यासारखे पुष्कळ आहे :

१. प्राण्यास हात लावण्यापूर्वी विचारावे : गेल्या काही दिवसांत त्याने कोणास चावले काय? त्यास दुसरे जनावर चावले काय? रेबीजची लस झाली आहे काय? पाणी गिळता येते काय? आवाज बदलला आहे काय? संशय आल्यास प्राणी वेगळा ठेवावा आणि पशुवैद्यास तत्काळ कळवावे.

२. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळेचा संपर्क झालेल्या मनुष्याची जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्यास त्याच दिवशी लसीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. हे आपल्या अधिकारातील काम आहे आणि याने जीव वाचतो.

३. अपघातग्रस्त प्राण्यास ओढून न नेता फळीवर किंवा ताणलेल्या घोंगडीवर आडवे ठेवून हलविण्यास सांगावे.

४. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक चिकित्सालयाच्या दर्शनी भागी लावावा. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये मराठवाड्यात उपलब्ध आहेत, हेही पशुपालकास सांगावे.

५. पशुवैद्याने निदान केल्यानंतर शुश्रूषेत साहाय्य करावे : मऊ व कोरडी शय्या, ठरावीक वेळाने कूस बदलणे, शय्याव्रण न होऊ देणे, मलमूत्राची स्वच्छता, वजनावर नियंत्रण. पथ्य आणि शुश्रूषा यांचे महत्त्व पटवून देण्यात आपला हातखंडा आहे; तो येथे कामी आणावा.

६. सूचिवेधाची इच्छा असलेल्या मालकास, त्या विषयात प्रशिक्षित असलेल्या नोंदणीकृत पशुवैद्याकडेच जाण्याचा सल्ला द्यावा आणि तो मुख्य उपचारांसह घ्यावयाचा आहे, हे स्पष्ट करावे.

७. कुत्र्यांशी वारंवार संपर्क येणाऱ्या वैद्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेण्याचा विचार करावा.

सहकार्याची वाट

याचा अर्थ आयुर्वेदाने पशुचिकित्सेकडे पाठ फिरवावी, असा मुळीच नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गायींच्या स्तनदाहासाठी कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप पशुपालकांपर्यंत नेला, तो पशुवैद्यांना बरोबर घेऊन, त्यांच्या निदानाच्या आणि नोंदींच्या आधारे. परंपरेतील द्रव्य आणि पशुवैद्याची दृष्टी एकत्र आल्यावर काय साधते, याचा हा नमुना आहे. विद्धकर्माबाबतही असेच व्हावे. आपल्या जिल्हा शाखांनी पशुवैद्यांसमवेत वर्षातून एक संयुक्त चर्चासत्र घ्यावे. पालकाप्य आणि जयदत्त यांचे ग्रंथ दोघांनी मिळून वाचावेत. ज्या पशुवैद्यांना रस असेल त्यांना विद्धकर्माचा सिद्धांत आपण सांगावा आणि पशुशरीरावर तो कितपत लागू पडतो, हे त्यांनी तपासावे. सुई त्यांच्या हाती असावी आणि नोंदवही दोघांच्या.

मनुष्य रुग्ण वेदना सांगू शकतो, उपचार नाकारू शकतो, दुसऱ्या वैद्याकडे जाऊ शकतो. मुक्या प्राण्यास यांपैकी काहीच शक्य नसते. म्हणून त्याच्या बाबतीत वैद्याचा संयम हाच त्याच्या संमतीच्या जागी उभा राहतो. सर्व प्राण्यांप्रती मैत्री ही आपल्या चिकित्सकवृत्तीची पहिली खूण मानली आहे. दारात आलेल्या कुत्र्याकडे त्या मैत्रीने पाहावे, त्याच्या मालकास योग्य दार दाखवावे आणि तेथवर तो सुखरूप पोहोचेल याची व्यवस्था करावी, एवढे झाले तरी आपले कर्तव्य पार पडले असे म्हणता येईल. इत्यलम्.